शिलाई मशीन महिनोन्‌महिने ठेवून द्यायचं असेल तर

एका ताईंचा प्रश्न आहे. घरात शिलाई मशीन आहे, पण रोजचं शिवणकाम नाही. पडद्यांना टीप मारायची असली किंवा कुणाचा कपडा आत-बाहेर करायचा असला की मशीन निघतं, एरवी बंद. या खेपेला आठ-नऊ महिन्यांनी काढलं तर चाक जड फिरतंय. पायडल दाबलं की मोटर घुमते, पण सुई रडतखडत वरखाली होते आणि टीप मधेच सुटते. त्या लिहितात : "ठेवताना भरपूर तेल घातलं होतं, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलं होतं, कपाटावर उंच ठेवलं होतं. कुणाचा हातसुद्धा लागला नाही. मग बिघडलं कसं? आणि मशीनसाठी चांगलं कव्हर कोणतं?"

ताई, आधी एवढं करा, बाकीचं सावकाश वाचा : प्लग काढून ठेवा आणि पायडलला पाय लावू नका. जड झालेलं मशीन मोटरच्या जोरावर मोकळं करायला गेलं की एकतर मोटर तापून जळकट वास येतो, नाहीतर आत प्लॅस्टिकचं दातेरी चाक असेल तर त्याचा दात उडतो. चार थेंब तेलावर भागणारं काम मग सुटे भाग शोधण्यापर्यंत जातं.

तुमचं मशीन बहुधा बिघडलेलं नाही, आखडलंय. या दोन्हींत फरक आहे आणि तो पुढे येईलच. पण तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण त्यात काळजी पुरेपूर आहे आणि नेमक्या त्या चारही गोष्टी मशीनला सोसलेल्या नाहीत : भरपूर तेल, प्लॅस्टिक, उंच जागा आणि हात न लावणं. माझ्याकडे येणाऱ्या घरगुती मशीनांमध्ये शिवून शिवून झिजलेली फार थोडी असतात. रोज आठ तास चालणारं मशीन वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. न वापरता उभं राहिलेलं मशीनच माझ्या टेबलावर येतं. त्यामुळे कव्हर कोणतं हा प्रश्न मी शेवटी घेणार आहे. खरा प्रश्न असा, की झाकताना मशीन कोणत्या अवस्थेत होतं. आत कापडा-दोऱ्याची लव, जुनं तेल आणि ओल ठेवून वरून कितीही भारी कव्हर घातलं, तरी आपण ती घाणच सांभाळून ठेवतो.

थोडं परिस्थितीवरही आहे. तुमचं मशीन कोणत्या जातीचं हे तुम्ही लिहिलेलं नाही, मोटर आहे एवढंच कळतं. जुनं, काळं, सगळं लोखंडी, एकाच सरळ टाक्याचं मशीन असेल तर त्याला तेल लागतंच आणि ते बरीच हयगय सोसतं. झिगझॅगचं मशीन असेल तर आत जास्त सांधे, जास्त दांडे आणि पुष्कळदा एखाददुसरं नायलॉनचं दातेरी चाक असतं, तिथे जोर चालत नाही. आणि कॉम्प्युटराइज्ड असेल तर आतल्या बऱ्याच जागी मालकाने तेल घालूच नये असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यांत सच्छिद्र धातूचे बुश, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या नळ्या, वापरतात, त्या छिद्रांत तेल कारखान्यातच मुरवलेलं असतं. वरून आणखी ओतलं तर फायदा नाही, ते फक्त बाहेर येऊन धूळ धरतं. म्हणून माझं सांगणं आणि तुमच्या मशीनची पुस्तिका यांत फरक पडला तर पुस्तिकेचं ऐका. पुस्तिका हरवली असेल तर मशीनवरच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो, त्यावरून ती बहुतेक वेळा मिळते.

आता तेल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मी मशीनं तेलानेच आखडतात.

मशीनचं तेल म्हणजे खूप शुद्ध केलेलं पातळ खनिज तेल. बाटली उजेडासमोर धरली तर ते पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. पिवळं पडलं असेल तर बाटली कितीही भरलेली असली तरी ती मशीनला लावू नका, बिजागऱ्यांना वापरा. घरातलं खाद्यतेल तर कधीच नको. खाद्यतेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू दाट होतात. जवसाच्या तेलात हा गुण इतका जास्त की चित्रकार त्यात रंग कालवतात, कारण ते सुकून कडक पापुद्रा होतं. चित्राला ते हवं असतं, मशीनच्या सांध्याला नको. खोबरेल तर साधारण 24 अंशांच्या खाली गोठायलाच लागतं. थंडीत चाक हलत नाही आणि दुपारी आपोआप हलायला लागतं अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न तेलाचाच विचारतो.

एकदा एक मशीन आलं, "मोटर जळली" म्हणून. मोटर धडधाकट होती. वरचं झाकण काढलं तर आतल्या मुख्य दांड्यावर प्रत्येक सांध्याशी मधाच्या रंगाचा, काचेसारखा चकचकीत थर. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. वर्षानुवर्षं कुणीतरी प्रेमाने खाद्यतेल घालत होतं. मी हेअर ड्रायरने एकेक सांधा कोमट केला, मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, चाक हाताने पाव इंच पुढे, पाव इंच मागे केलं आणि रात्रभर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी चाक एका बोटाने फिरलं. त्या तीन दिवसांत पान्याचं काम पाच मिनिटांचंही नव्हतं, बाकी सगळं वाट बघणं.

योग्य तेल असलं तरी "भरपूर" हा शब्द काढून टाका. एका सांध्याला एक थेंब. दोन दिले तर दुसरा खाली ओघळतो. ओघळून तो लवीत मुरतो, पट्ट्यावर पडून पट्टा घसरवतो, मोटरपर्यंत गेला तर तिथल्या कार्बन ब्रशची वाट लावतो. शिवाय तेल घालून लगेच झाकण लावलं तर ते सांध्याच्या तोंडाशीच बसतं, आत पसरत नाही. पसरायला दांडा फिरावा लागतो. म्हणून तेल दिलं की दोरा न ओवता, फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर ठेवून, मिनिटभर मशीन सावकाश चालवायचं. मग जुन्या कपड्यावर दोरा ओवून दोन-तीन टिपा मारायच्या. पहिल्या टिपेवर तेलाचे डाग येतील, तिसरी कोरडी आली की मशीन ठेवायला तयार. तुम्ही नेमकं हेच वगळलं असणार असा माझा अंदाज आहे. ठेवण्याआधी तेल घातलंत हे बरोबरच होतं, धातूवर पातळ थर राहिला तर गंजापासून बचाव होतो. पण ते जास्त होतं, आणि घातल्यावर मशीन फिरवलेलं नव्हतं.

जिथे धातूवर धातू घासतो तिथे तेल, हा साधा नियम. चाक हळूहळू फिरवत मशीनकडे नुसतं बघा. सुईचा दांडा जिथून खाली येतो ती वरची आणि खालची जागा, दोरा वर ओढणारी दांडी, तळाशी हलणारे दांडे, आणि बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, जिथे बसते तो शटलचा, म्हणजे वरचा दोरा खालच्यात गुंतवणाऱ्या भागाचा, गोलावा. या शेवटच्या जागेला विसरू नका. काही मशीनांत शटल मागेपुढे झुलतं, काहींत पूर्ण फिरतं. पूर्ण फिरणारं एका टाक्यामागे दोन फेरे घेतं, म्हणजे मिनिटाला 600 टाके पडत असतील तर 1200 फेरे. मोटर सोडली तर सगळ्यात जास्त पळणारा भाग हाच आणि सगळ्यात जास्त लव साठते तीही इथेच. तेल मात्र इथेही पुस्तिका सांगेल तरच. वरून बॉबीन टाकायची प्लॅस्टिकची वाटी असते त्या मशीनांत त्या वाटीला तेल लावत नाहीत. नायलॉनच्या दातेरी चाकांनाही पातळ तेल नको, त्यांना ग्रीस लागतं आणि ते काम कारागिरावर सोडलेलं बरं.

गंजलेले नट सोडवायचा स्प्रे घरात असतो, तो मारू का, असं पुष्कळ जण विचारतात. त्याने मशीन त्या दिवशी लोण्यासारखं फिरतं. पण तो मुख्यतः पातळ द्रावक असतो. जुनं तेल धुऊन नेतो, स्वतः बराचसा उडून जातो आणि सांधे कोरडे राहतात. लोखंडी मशीनमध्ये कीट सोडवायला आम्ही कारागीर रॉकेल वापरतो, तेही मोटर काढून, खिडक्या उघड्या ठेवून, आसपास ज्योत नाही हे पाहून. आणि नंतर प्रत्येक सांधा पुसून त्याला पुन्हा तेल देऊन. घरी हे टाळा.

तेलानंतर लव. सुईखालची धातूची पट्टी तुम्ही शेवटची कधी काढली होती? बहुतेक जण म्हणतात, "ती निघते होय?" निघते. दोन स्क्रू असतात, काही मशीनांत नुसती सरकवून निघते. खाली कापड पुढे ढकलणारे दाते आहेत. त्या दातांच्या ओळींमध्ये लव दाबली जाऊन नमद्यासारखी घट्ट वडी तयार होते. मी चिमट्याने काढतो तेव्हा ती अख्खी निघते आणि तिच्यावर दातांचे ठसे उमटलेले असतात. ही वडी असली की दाते पुरेसे वर येत नाहीत, कापड पुढे सरकत नाही, एकाच जागी टाके पडतात आणि आपण दोष देतो टेन्शनला, म्हणजे दोऱ्याच्या ताणाला. त्याहून वाईट म्हणजे लव तेल शोषते. शटलला दिलेला थेंब शटलला मिळतच नाही. आणि तेलकट लव हवेतली ओल धरून महिनोन्‌महिने पोलादाला चिकटून बसते, तिथेच गंजाचा पहिला ठिपका पडतो.

साफ करायला मऊ ब्रश आणि चिमटा पुरे. तोंडाने फुंकर मारू नका, श्वासात वाफ असते. हवेचा डबा किंवा ब्लोअरही नको, त्याने लव बाहेर येण्याऐवजी आणखी आत जाते. व्हॅक्यूम क्लीनरचं बारीक तोंड मात्र चालतं, स्क्रू आधी बाजूला ठेवलेत ना एवढं बघा. एक सावधगिरी जुन्या मशीनवाल्यांसाठी : काही मॉडेलांत बॉबीनजवळ लाल नमद्याचा छोटा तुकडा मुद्दामच बसवलेला असतो. तो तेल धरून ठेवायला असतो. लव समजून उपटून टाकलेले असे तुकडे मी किती वेळा परत बसवले असतील याची गणती नाही.

इतकी बारीक साफसफाई कशाला, असं वाटेल. मशीनचा टाका दोन दोऱ्यांच्या गुंत्यातून बनतो. सुई खाली जाऊन किंचित वर येते, तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा इवलासा फास फुगतो, आणि शटलचं टोक त्या फासात शिरून त्याला बॉबीनच्या दोऱ्याभोवती फिरवतं. एलियस हाउ यांनी 1846 साली अमेरिकेत दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, तेव्हापासून यंत्रं कितीतरी बदलली, पण घरगुती मशीनचा टाका आजही दोन दोऱ्यांच्या याच गुंत्याचा आहे. शटलचं टोक सुईजवळून जातं ते कागदाच्या जाडीइतक्या अंतराने, काही वेळा त्याहून कमी. तिथे टोकावर गंजाचा कण असला, सुई केसभर वाकलेली असली, लवीमुळे बॉबीन केस, म्हणजे बॉबीनची डबी, जराशी उचलली गेली, की फास चुकतो. टीप सुटणं म्हणतो ते हेच. तुमची टीप सुटते यावर माझा पहिला संशय सुईवर आहे, दुसरा लवीवर. टेन्शनचा खुंटा मात्र फिरवू नका, नाहीतर एका दोषाचे दोन होतील.

सुईचं थोडक्यात. घरगुती मशीनांना बहुतेक 130/705 एच या जातीची सुई लागते, तिच्या दांड्याची एक बाजू चपटी असते. पाकिटावर 90/14 असं लिहिलेलं असलं तर 90 म्हणजे सुईची जाडी 0.90 मिलिमीटर. सहा ते आठ तास शिवून झालं की सुई बदलायची, आणि मशीन ठेवून देताना तर काढूनच ठेवायची. जुनी सुई काचेवर चपटी बाजू खाली करून ठेवा. सुई आणि काच यांतली फट टोकापर्यंत सारखी दिसली तर सुई सरळ. पण खरं सांगू, एवढी परीक्षा घेण्यापेक्षा नवी लावा.

आता ओल. लोखंडाला गंज चढायला हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या पुढे गेलेली पुरते, मग तो भराभर धरतो. त्याच्या थोडं पुढे गेलं की लाकडी खोक्याला, कापडी कव्हरला बुरशी येते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळताना आपल्याला वाटतं, बाहेरची ओल आत जाणार नाही. पण गुंडाळताना आत जी हवा राहिली तिच्यातही ओल आहेच. रात्री गारवा पडला की तीच ओल थंड धातूवर दवासारखी बसते आणि पिशवीमुळे बाहेर जाऊ शकत नाही. असं एक मशीन मी पाहिलंय. प्लॅस्टिक जिथे सुईच्या दांड्याला चिकटलं होतं तिथे बरोबर त्या घडीच्या आकाराची तांबूस रेघ उमटली होती, बाकीचा दांडा चकचकीत. दांड्यावर असा गंज चढला की तो वरखाली होताना खरवडतो, आणि तो दांडा घासून पूर्वीसारखा गुळगुळीत करणं सोपं नसतं.

म्हणून रोजच्या वापरातल्या किंवा दोन-चार आठवडे ठेवायच्या मशीनला सुती कापडाचं सैल कव्हर सगळ्यात चांगलं. धूळ अडते, हवा खेळते. जुनी चादर दुमडून शिवलेलं चालेल, त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर मशीनबरोबर आलेलं कडक खोकं चांगलं, आत सुती कापडात गुंडाळून. बंद खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवता येतात, पण खोकं खरंच घट्ट बंद होत असेल तरच. उघड्यावर ठेवलेली पुडी खोलीभरची ओल पिऊन एका दिवसात भरून जाते. रंग बदलणाऱ्या गोळ्या घेतल्या तर भरल्या की कळतं, पाकिटावर लिहिलंय तसं तापवून पुन्हा वापरता येतात. जुन्या खोक्यांच्या आत फोम लावलेला असतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. तो काही वर्षांनी कुजून चिकट भुगा होतो आणि मशीनच्या रंगाला चिकटतो. बोट लावल्यावर भुगा निघाला तर सगळा खरवडून काढा, तिथे जाड सुती कापड लावा.

जागेबद्दल. कपाटाचा माथा नको, दोन कारणांनी. छताजवळ उष्णता जास्त असते, आणि मुख्य म्हणजे तिथून मशीन उतरवावं लागतं. लोखंडी मशीन सहज दहा-बारा किलोंचं असतं. ओतीव लोखंड आपटलं की वाकत नाही, तडकतं किंवा तुटतं. प्लॅस्टिकच्या अंगाची मशीनं हलकी असतात, पण पडली की आतली जुळणी हलते. कपाटाचा खालचा कप्पा, जमिनीपासून वीतभर वर, बाहेरच्या ओल्या भिंतीला न टेकलेला, ही माझ्या मते घरातली उत्तम जागा. न्हाणीघराशी लागून असलेली भिंत टाळा, स्वयंपाकघर टाळा, तिथली तेलकट वाफ मशीनवर बसते. थेट ऊन येतं ती खिडकी टाळा, प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि रिळांवरचा दोरा कमजोर होतो. मशीन नेहमी उभंच ठेवायचं, आडवं नाही, नाहीतर तेल नको तिथे जाऊन बसतं. उचलताना खालच्या बैठकीला किंवा वरच्या मुठीला धरा. चाकाला धरून उचललेलं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

ठेवण्याआधीच्या शेवटच्या पाच मिनिटांत हे उरकतं : दोरा रिळाजवळ कापायचा आणि सुईच्या बाजूने पुढे ओढून काढायचा, मागे ओढला तर त्याची लव टेन्शनच्या चकत्यांमध्ये अडकते. बॉबीन काढायची. सुई काढायची. फुटाखाली जाड सुती कापडाची दुहेरी घडी ठेवून फूट त्यावर सोडायचं, म्हणजे फूट दात्यांवर घासत नाही आणि सुटलेला तेलाचा थेंब कापडात जिरतो. वायर सैल गुंडाळायची, मशीनच्या अंगाभोवती आवळून नाही. पायडल खोक्यात मशीनच्या वर नको, शेजारी ठेवायचं. उंदीर फिरकत असतील तर वायर आणि पायडल पत्र्याच्या डब्यात टाका. वायर कुरतडलेली दिसली तर चिकटपट्टी लावून वापरू नका, बदलून घ्या. पायाने चालवायचं मशीन असेल तर चामड्याची वादी चाकावरून उतरवून ठेवा, सतत ताणात राहिली की ती सैल पडते. त्या वादीला तेल लावायचं नाही, घसरेल.

आणि चौथी गोष्ट, "हातसुद्धा लागला नाही". तो लागायला हवा. महिन्यातून एकदा कव्हर काढा, बॉबीन काढलेली आहे ना बघा, आणि चाक हाताने स्वतःच्या दिशेने वीस-पंचवीस वेळा फिरवा. उलटं नाही, बहुतेक मशीनांत उलट फिरवण्याची सवय लागली की एखाद्या दिवशी ओवलेला दोरा शटलमध्ये गुंततो. झिगझॅगचं मशीन असेल तर एक काम आणखी करा, जे जवळजवळ कुणीच करत नाही. टाक्याची लांबी, रुंदी, नक्षी बदलायचे सगळे खुंटे आणि उलट टीप मारायचा खटका, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून आणा. नक्षीचा खुंटा फिरवताना सुई नसलेली बरी, असली तर ती वर असू द्या. लोक वर्षानुवर्षं सरळ टीपच मारतात, तेवढे सांधे मोकळे राहतात. बाकीच्या खुंट्यांखालचं तेल सुकून ते जागीच धरतात. मग कुणीतरी एके दिवशी जोर लावून फिरवतं आणि आतला भाग तुटतो.

काळ्या मशीनवर सोनेरी वेलबुट्टी असेल तर पुसताना जपा. उमेदवारीच्या दिवसांत मी असं एक मशीन स्पिरिटने पुसलं होतं. कापसाचा बोळा बघितला तर सोनेरी झालेला, आणि मशीनवर अर्धी नक्षी गायब. त्या जुन्या मशीनांच्या नक्षीवर पुष्कळदा लाखेचा थर असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला त्या दिवशी कळलं. मालकाला काय सांगायचं हे मात्र उस्तादांनाच सुचेना. तेव्हा स्पिरिट नाही, काच पुसायचं रसायन नाही. मशीनचंच तेल मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसा, तेही आधी मागच्या कोपऱ्यात करून बघून.

आता परत तुमच्या मशीनकडे. प्लग काढलेलाच असू दे. सुई, बॉबीन, बॉबीन केस काढा. खालची पट्टी काढून लव काढा आणि मग चाक फिरवून बघा. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मा जडपणा जातो, कारण शटलच्या खाचेत दोऱ्याचा तुकडा अडकलेला असतो. बॉबीन भरण्यासाठी चाकाची मधली कळ ओढलेली राहिली नाही ना, तेही पाहा. तशी ती राहिली तर मोटर घुमते आणि सुई नीट हलत नाही, तुम्ही लिहिलंय जवळजवळ तसंच. त्यानंतर पुस्तिकेत दाखवलेल्या जागी एकेक थेंब नवं तेल, चाक हाताने सावकाश मागेपुढे (दोरा ओवलेला नाही, म्हणून इथे उलटं चालतं), आणि एक रात्र विश्रांती. एका रात्रीत फरक वाटला पण पुरता मोकळेपणा आला नाही तर आणखी दोन रात्री तेच करा. थंड जागेतून उबदार खोलीत आणलं असेल तर झाकण न काढता दोन-तीन तास तसंच राहू द्या, नाहीतर धातूवर दव धरेल.

चाक फिरवताना हाताला काय लागतं तिकडे लक्ष द्या. पूर्ण फेऱ्यात सारखाच जडपणा, मधात चमचा फिरवल्यासारखा, हे सुकलेलं तेल. ते सुटतं. दर फेऱ्यात एकाच जागी अडतं आणि टक असा आवाज येतो, हे दातेरी चाकाच्या तुटलेल्या दाताचं किंवा शटलशी काहीतरी घासत असल्याचं लक्षण. तिथे थांबा, कारागिराला दाखवा. चाक हलकं फिरतं पण सुई जागची हलत नाही, आणि बॉबीन भरायची कळ बसलेली आहे, तर आतलं दातेरी चाक गेलेलं असण्याची शक्यता मोठी. तीन रात्रींत तसूभरही फरक नसेल तरीही कारागीरच. शटलचा आणि सुईचा मेळ बसवणारे स्क्रू स्वतः सोडू नका. ते कुठे आहेत हे आत्ता ठाऊक नसेल तर उत्तमच.

चाक एका बोटाने फिरायला लागलं की मग प्लग लावा, पण पायडल न दाबता दोन क्षण थांबा. मशीन आपोआप पळायला लागलं तर लगेच प्लग काढा. जुन्या पायडलमधला कपॅसिटर बिघडला की असं होतं, आणि असं पायडल धूर काढायलाही वेळ लावत नाही. पायडल हाताला गरम लागत असेल, वास येत असेल, तरी तेच. सगळं शांत असेल तर नवी सुई लावा, चपटी बाजू बहुतेक मशीनांत मागे. फूट वर उचलून दोरा ओवा, कारण फूट वर असतानाच टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो. फूट खाली ठेवून ओवला तर तो वरच्यावर राहतो आणि कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं. जुन्या सुती कापडाच्या दुहेरी घडीवर हळू वेगाने टीप मारा. पहिल्या वीतभर टिपेवर तेलाचे ठिपके येतील, त्याने घाबरू नका. त्यानंतरही टीप सुटत राहिली तर मशीनच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर, लावलेल्या सुईचा नंबर आणि त्या टिपेचा वरून-खालून फोटो पाठवा.